0 आणि 1 मध्ये भूमिती कुठून आली?

प्रश्न असा आहे: इंजिनिअरिंगला हॅमिंग कोड (0-1 च्या मालिकेतली चूक शोधून सुधारणारी पद्धत) शिकले, पॅरिटी (एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला जादा 0 किंवा 1) काढता येते, परीक्षेत मार्कही पडले. पण शिकवणारे सर एकदा म्हणाले, की डेटा चुकांपासून वाचतो तो भूमितीमुळे, आणि ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नुसत्या 0 आणि 1 मध्ये भूमिती कुठून आली?

तुमच्या सरांचं वाक्य शब्दशः खरं आहे. मोडेम आणि सॅटेलाइट रिसीव्हरचे डिकोडर, म्हणजे आलेल्या संकेतातून मूळ संदेश काढणारे प्रोग्रॅम, लिहिण्यात माझी 22 वर्षं गेली आणि या काळात पॅरिटीची समीकरणं मी कितीतरी वेळा विसरलो. चित्र मात्र कधी विसरलो नाही. म्हणून चित्रच सांगतो. पॅरिटी हे हत्यार आहे. डेटा वाचतो तो दोन संदेशांच्या मध्ये मुद्दाम सोडलेल्या रिकाम्या जागेमुळे.

तीन बिट, म्हणजे 0 किंवा 1 असलेल्या तीन जागा, घ्या. 000 पासून 111 पर्यंत आठ शक्यता होतात. एका घनाला आठच कोपरे असतात. पहिला बिट लांबी, दुसरा रुंदी, तिसरा उंची असं धरा, की प्रत्येक शक्यता एका कोपऱ्यावर बसते. एक बिट चुकला म्हणजे काय झालं? तुम्ही घनाच्या एका कडेवरून शेजारच्या कोपऱ्यावर सरकलात. दोन बिट चुकले तर दोन कडा चाललात. चूक म्हणजे प्रवास, आणि चुकलेल्या बिटांची संख्या म्हणजे कापलेलं अंतर. एवढं पटलं की पुढची भूमिती आपोआप मागे येते.

आठही कोपरे संदेशासाठी वापरले तर एक पाऊल चुकताच तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरता, आणि घेणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून फक्त 000 आणि 111 हे समोरासमोरचे कोपरे वापरायचे आणि बाकीचे सहा रिकामे ठेवायचे. आता 010 आलं तर ते 000 पासून एक पाऊल आणि 111 पासून दोन पावलं दूर आहे, म्हणजे 000 च असणार. प्रत्येक संदेशाभोवती तीन शेजाऱ्यांचं अंगण आहे. 1 + 3 = 4, अशी दोन अंगणं, मिळून आठ. घन पूर्ण भरला.

याच घनात 000, 011, 101, 110 हे चार कोपरे निवडून सरळ रेषांनी जोडून पाहा. चार समभुज त्रिकोणांचा नियमित चतुष्फलक तयार होतो. कोणत्याही दोन कोपऱ्यांत दोन पावलांचं अंतर असतं, त्यामुळे एक चूक झाली की ती लक्षात येते, पण कोणाकडून आली ते ठरवता येत नाही. तुम्ही शिकलेला साधा पॅरिटी बिट तो हाच. चूक ओळखायला अंतर 2 लागतं, दुरुस्त करायला 3.

हे चित्र मी रचलेलं नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत रिचर्ड हॅमिंग यांना रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच) वापरणाऱ्या गणकयंत्रावर शनिवार-रविवारी काम मिळायचं. यंत्राला चूक सापडली की ते काम टाकून पुढच्या कामाकडे वळायचं, आणि सोमवारी हाती काही नसायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या चिडीतून त्यांचा 1950 चा निबंध आला. त्यात अनेक मितींच्या घनाचं भूमितीय रूप त्यांनी स्वतःच मांडलं आहे. आज आपण ज्याला हॅमिंग अंतर म्हणतो ते त्या घनाच्या कडांवरून मोजलेलं अंतर. शिकवताना मॅट्रिक्स आधी येतं आणि चित्र गाळलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सात बिटांचा हॅमिंग कोड घेऊ. इथे कागद हाताशी घ्याच. एक त्रिकोण काढा. शिरोबिंदूंना 1, 2, 3 म्हणा. 1 आणि 2 च्या मध्यावर 4, 2 आणि 3 च्या मध्यावर 5, 3 आणि 1 च्या मध्यावर 6, आणि मधोमध 7. त्रिकोणाच्या तीन बाजू, प्रत्येक शिरोबिंदूपासून मध्यातून समोरच्या बाजूवर जाणाऱ्या तीन रेषा, आणि 4, 5, 6 मधून जाणारं वर्तुळ. या सातांनाही आपण रेषाच म्हणायचं. याला फानो प्रतल म्हणतात. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू. कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांतून नेमकी एक रेषा जाते. कोणत्याही दोन रेषा घ्या, त्या नेमक्या एका बिंदूत भेटतात.

सात बिंदू म्हणजे सात बिट. बिंदू निवडला तर 1, नाहीतर 0. कोडशब्द, म्हणजे संदेश म्हणून पाठवायचे नमुने, असे: काहीच न निवडणं, सातांपैकी एखादी पूर्ण रेषा निवडणं, एखादी रेषा सोडून उरलेले चार बिंदू निवडणं, किंवा सगळे सात निवडणं. 1 + 7 + 7 + 1 = 16, म्हणजे चार बिटांचा संदेश मावला. अंतर बघा. दोन रेषांमध्ये एक बिंदू सामाईक असतो, म्हणून पहिलीचे दोन आणि दुसरीचे दोन असे चार बिट वेगळे. एक रेषा आणि दुसऱ्या रेषेचा उरलेला भाग यांत 7 − 4 = 3. कुठूनही मोजा, तीनपेक्षा कमी अंतर सापडणार नाही. एकही समीकरण न लिहिता आपण हॅमिंग कोडचं किमान अंतर काढलं.

दुरुस्तीही चित्रावरच होते. समजा फक्त 1 आणि 7 हे दोन बिंदू पेटलेले आले. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, ती 1-7-5. तर 5 चा बिट वाटेत विझला होता, तो पेटवा. शाळेत भूमितीच्या पहिल्या धड्यात शिकलेलं 'दोन बिंदूंतून एकच रेषा' हे विधान इथे डिकोडरचं काम करतं.

आणखी एक हिशेब करा. प्रत्येक कोडशब्दाभोवती एक पाऊल त्रिज्येचा गोल काढला तर त्यात तो स्वतः आणि सात शेजारी असे आठ बिंदू येतात. 16 गुणिले 8 म्हणजे 128, आणि सात बिटांच्या एकूण शक्यताही 128. एकही बिंदू गोलाबाहेर राहत नाही. अशा कोडला 'परिपूर्ण' म्हणतात आणि वर्गात त्याचं कौतुक होतं. प्रत्यक्ष कामात मला हीच त्याची अडचण वाटते. वरच्या चित्रात 1-4-2 ही रेषा पाठवली आणि वाटेत दोन चुका झाल्या: 4 विझला, 7 पेटला. हातात आले 1, 2, 7. डिकोडर शांतपणे 3 पेटवतो आणि 1, 2, 3, 7 हा कोडशब्द पुढे देतो. दोन चुकांच्या तीन झाल्या आणि कुणाला पत्ताही नाही. गोलांच्या मध्ये जागाच उरली नाही, तर 'मला कळलं नाही, पुन्हा पाठव' असं म्हणायला डिकोडर उभा कुठे राहणार? म्हणून व्यवहारात एक जादा बिट लावून अंतर 4 करतात. मग दोन चुका झालेला शब्द कोणत्याच अंगणात पडत नाही आणि लगेच उघडा पडतो.

असाच आणखी एक परिपूर्ण कोड मार्सेल गोले यांनी 1949 मध्ये दिला. त्यात 23 बिट असतात, संदेशाचे 12, आणि तीन चुका दुरुस्त होतात. 1 + 23 + 253 + 1771 बरोबर 2048, म्हणजे नेमके 2 चा 11 वा घात. बेरीज इतकी चपखल जुळते, की पहिल्यांदा केली तेव्हा मी ती पुन्हा तपासली होती. त्याला एक बिट जोडून झालेल्या 24 बिटांच्या कोडवर व्हॉएजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं पृथ्वीकडे पाठवली.

या भूमितीची एक मोठी वाट आपल्याकडून गेली आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. राजचंद्र बोस कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शेतीच्या प्रयोगांची आखणी करत होते. कोणत्या वाफ्यात कोणतं बियाणं आणि कोणतं खत द्यायचं, म्हणजे प्रत्येक जोडीची तुलना न्याय्य होईल, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी मोजक्याच बिंदूंच्या भूमिती वापरल्या. फानो प्रतल ही त्यांतल्या अगदी छोट्यांपैकी एक. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी 1960 मध्ये त्याच विचारातून अनेक चुका दुरुस्त करणारे कोड बांधले. फ्रान्सच्या ओकंघेम यांनी ते 1959 मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीसीएच कोड झाले. फ्लॅश मेमरीत ते वर्षानुवर्षं राबले आहेत.

बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे. नागपुरात शिकलेले, नंतर 1963 पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी लॅटिन चौरसांबद्दलचा (ज्यांत प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येतं) ऑयलर यांचा जवळपास पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा ठरवला, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. ते अनेकांना ठाऊक असतं. पण त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी हॅडमार्ड मॅट्रिक्स आणि चूक-दुरुस्तीचे कोड यांचं नातं उलगडणारा निबंधही लिहिला होता. माझ्या दृष्टीनं तो तितकाच मोलाचा.

हॅडमार्ड मॅट्रिक्स म्हणजे +1 आणि −1 यांच्या अशा ओळी, की कोणत्याही दोन ओळी एकमेकींना काटकोनात असतात. 32 मितींत अशा 32 दिशा मिळतात, आणि प्रत्येकीची उलट दिशा धरली की 64. नोव्हेंबर 1971 मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर 9 यानानं नेमकं हेच वापरलं. 6 बिटांचा प्रत्येक गट, म्हणजे 64 पैकी एक पर्याय, 32 बिटांच्या एका दिशेत बदलून पाठवायचा. कोणत्याही दोन दिशा काटकोनात, म्हणजे 16 बिटांचा फरक. किंवा अगदी उलट, म्हणजे 32 बिटांचा. 32 पैकी सात बिट चुकले तरी दिशा ओळखू येते. पृथ्वीवरचा रिसीव्हर आलेल्या संकेताची सावली प्रत्येक दिशेवर किती लांब पडते ते मोजायचा आणि सगळ्यांत लांब सावलीची दिशा निवडायचा. सहा बिटांसाठी बत्तीस पाठवणं उधळपट्टी वाटेल. पण कोट्यवधी किलोमीटरवरच्या यानाला 'पुन्हा पाठव' म्हणणं फार महाग पडतं.

रीड-सोलोमन कोडकडे वळण्याआधी एक छोटं उदाहरण. मला 3 आणि 5 हे दोन आकडे पाठवायचे आहेत. आलेखावर ते शेजारी-शेजारी दोन बिंदू म्हणून मांडतो, त्यांतून रेषा काढतो आणि तीच रेषा पुढे नेऊन सहा आकडे पाठवतो: 3, 5, 7, 9, 11, 13. पलीकडे 3, 5, 1, 9, 20, 13 पोचले. पट्टी लावून बघा, चार बिंदू एका रेषेत येतात आणि दोन बाहेर पडतात. बाहेर पडलेले चुकीचे. दोन वेगळ्या रेषा फार तर एका बिंदूत भेटतात, म्हणून असे दोन संदेश सहापैकी किमान पाच जागी वेगळे असणारच. इर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन यांनी 1960 मध्ये रेषेऐवजी वरच्या घातांच्या बहुपदी घेतल्या आणि आकडे सांत क्षेत्रातले, म्हणजे मोजक्याच आकड्यांच्या संचातले, घेतले, त्यामुळे ते वाढत जात नाहीत. एक बाइट, 256 किमती, त्यातच सगळं मावतं. व्हॉएजर 2 युरेनस आणि नेपच्यूनजवळ गेलं तेव्हा 223 बाइटांना 32 बाइट जोडलेला असाच कोड वापरात होता. तो 16 बाइटांपर्यंतच्या चुका सुधारतो.

रीड-सोलोमन कोडच 1982 पासून सीडीत होता आणि आज किराणा दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये आहे. तेलाचे डाग पडलेला, कोपरा फाटलेला क्यूआर स्कॅन होतो तो कॅमेऱ्याच्या हुशारीमुळे नाही. सर्वांत वरच्या पातळीला सुमारे 30 टक्के भाग गेला तरी उरलेल्या बिंदूंतून मूळ बहुपदी सापडते.

इथवर बिट एकतर बरोबर होता नाहीतर चूक. हवेत किंवा तारेत मात्र 0 आणि 1 नसतात, विद्युत संकेत असतो, आणि त्याची स्वतःची भूमिती आहे. मोडेम बिटांचे गट करून प्रत्येक गटासाठी प्रतलावरचा एक ठिपका पाठवतो. 64 ठिपक्यांच्या जाळीत एका ठिपक्यामागे सहा बिट. नॉइजमुळे, म्हणजे वाटेत मिसळणाऱ्या गोंगाटामुळे, ठिपका हलतो आणि स्क्रीनवर प्रत्येक ठिकाणी धुक्याचा गोळा दिसतो. शेजारचे गोळे एकमेकांत मिसळले की चुका सुरू होतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच 64 ठिपक्यांचं टेबल भरलं होतं, जाळीच्या प्रत्येक दिशेच्या आठ जागांना तीन बिट, साध्या मोजणीच्या क्रमानं: 000, 001, 010, 011, 100. संकेत स्वच्छ, धुकं अपेक्षेएवढंच, तरी चुकलेले बिट हिशेबापेक्षा दीडपट. तीन दिवस मी फिल्टर तपासत होतो. ठिपका चुकतो तो जवळजवळ नेहमी शेजारच्या घरात, आणि माझ्या टेबलात 011 च्या शेजारी 100 होता. एक पाऊल घसरलं की तिन्ही बिट उलटे. उपाय म्हणजे ग्रे कोड: 000, 001, 011, 010, 110 असा क्रम, ज्यात शेजाऱ्यांत एकाच बिटाचा फरक. म्हणजे घनाच्या कडांवरून न उडी मारता फिरणं. प्रतलावरचं अंतर आणि घनावरचं अंतर, या दोन भूमिती जुळवायच्या असतात. त्या दिवसापासून नवीन काम हातात आलं की मी ही जुळणी आधी पाहतो.

उपग्रहाच्या बाबतीत चौकोनी जाळी परवडत नाही. तिथला अॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर चालवावा लागतो आणि जाळीच्या कोपऱ्यावरचे दूरचे ठिपके तो मुरडून टाकतो. म्हणून उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एस2 या मानकात ठिपके वर्तुळांवर बसवले आहेत: आठ असतील तर एकाच वर्तुळावर, सोळा असतील तर आत चार आणि बाहेर बारा.

आता सगळ्यांत खोल भाग, आणि माझा सगळ्यांत आवडता. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये सिद्ध केलं, की नॉइज असूनही ठरावीक वेगापर्यंत जवळजवळ बिनचूक संदेश पाठवता येतो. वर्षभरात त्यांनी त्याचं भूमितीय चित्रही दिलं. एका ठिपक्याऐवजी 10,000 आकड्यांचा लांब गट एकदम पाठवा. तो 10,000 मितींतला एक बिंदू झाला. प्रत्येक आकड्यावरचा नॉइज लहरी असतो, सरासरी ताकद 1 धरा. एकेकटा पाहिला तर तो कधी 0, कधी 2, कधी उणे 3. पण सगळे मिळून बिंदू मूळ जागेपासून किती दूर जातो? 10,000 चं वर्गमूळ, म्हणजे 100. आणि या 100 मध्ये चढउतार किती? फक्त 0.7 च्या आसपास. एकेकटा बेभरवशाचा असलेला नॉइज हजारोंनी एकत्र आला की शिस्तीत वागतो. बिंदू जवळजवळ नेमका 100 त्रिज्येच्या गोलाच्या सालीवर सापडतो. मग असे गोल एकमेकांत फारसे न घुसता किती मावतात एवढाच प्रश्न उरतो. थोडे घुसले तरी बिघडत नाही, कारण इतक्या मितींत नॉइज नेमका त्याच कोपऱ्याकडे जाण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून लांब कोडच्या बाबतीत किमान अंतरालाच चिकटून बसू नका. पुस्तकं त्याला गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात.

याचा पुरावा पावसाळ्यात घरीच मिळतो. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर हवा बिघडली की हळूहळू मुंग्या यायच्या आणि चित्र तरीही दिसायचं. डिशवर तसं होत नाही. आभाळ भरून येतं, चित्र स्वच्छच राहतं, आणि मग एकदम चौकोन फुटतात आणि सगळं जातं. डीव्हीबी-एस2 मध्ये एक गट 64,800 बिटांपर्यंतचा असतो. नॉइजच्या गोलाची त्रिज्या इतकी नेमकी असते, की ती सोडलेल्या जागेपेक्षा किंचित लहान असेपर्यंत जवळजवळ सगळे गट सुटतात, आणि किंचित मोठी झाली की जवळजवळ एकही सुटत नाही. मधली अवस्था फारच अरुंद.

इतक्या लांब गटात सर्वांत जवळचा कोडशब्द शोधायचा कसा? 64,800 मितींत एकेक कोडशब्द तपासणं अशक्य आहे. रॉबर्ट गॅलगर यांनी 1960 च्या सुमारास एलडीपीसी कोड दिले, ज्यांत पॅरिटीची प्रत्येक तपासणी मोजक्याच बिटांना हात लावते आणि बिट व तपासण्या एकमेकांना अंदाज कळवत उत्तराजवळ सरकतात. पण दोन तपासण्यांत दोन बिट सामाईक असले, तर तोच अंदाज फिरून स्वतःकडे येतो आणि अफवेसारखा पक्का होतो. फानो प्रतलात दोन रेषांना एकच बिंदू सामाईक होता, आठवा. यू कोऊ, शू लिन आणि मार्क फोसोरिए यांनी 2001 मध्ये मोठ्या सांत, म्हणजे मोजक्या बिंदूंच्या, भूमितींच्या रेषाच तपासण्या म्हणून वापरल्या, त्यामागे हेच कारण.

शेवटी, सुरुवात कुठून करावी हे कुणी विचारलं तर मी पुन्हा त्या त्रिकोणाकडेच नेईन. तिथल्या सात बिटांना पॅरिटीचा आठवा बिट जोडा. रेषांचे तीन एक होते त्यांचे चार झाले, उरलेल्या भागांचे चार होते ते चारच राहिले. म्हणजे चार एक असलेले 14 कोडशब्द झाले. आता आठ मितींच्या जागेत असे सगळे पूर्णांकांचे बिंदू घ्या, ज्यांचे सम-विषम आकडे एखाद्या कोडशब्दाप्रमाणे पडतात: जिथे 1 तिथे विषम, जिथे 0 तिथे सम. या प्रत्येक बिंदूवर सारखे गोल ठेवले, तर आठ मितींतली शक्य तेवढी सर्वांत दाट रचना मिळते. त्याहून दाट रचना असूच शकत नाही हे मरीना व्हियाझोव्स्का यांनी 2016 मध्ये सिद्ध केलं आणि 2022 मध्ये त्यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च सन्मानांपैकी एक, मिळालं. 24 मितींतल्या रचनेचा पुरावा त्यांनी अभिनव कुमार आणि इतर तिघांसोबत लगेचच दिला. ती रचना गोले यांच्या 24 बिटांच्या कोडमधून येते.

तीन मितींत फळवाल्याच्या ढिगातलं आतलं संत्रं बारा संत्र्यांना टेकतं. आठ मितींतला एक गोल किती गोलांना टेकतो ते तुम्हीच मोजा. मध्यबिंदूपासून सर्वांत जवळचे बिंदू दोनच प्रकारचे आहेत. 14 कोडशब्दांपैकी प्रत्येकात चार जागी +1 किंवा −1, म्हणजे प्रत्येकी 16 पर्याय. आणि आठ जागांपैकी एका जागी +2 किंवा −2, बाकी शून्य. बेरीज 240 आली पाहिजे.